मोडका रणगाडा

माझे वडील सैन्याच्या चिलखती दलात होते. निवृत्तीनंतर ते भवानीनगरला साखर कारखान्यात लागले. त्यांनी हौसेने जोडलेला सेंच्युरियन रणगाड्याचा प्लास्टिकचा नमुना, मूळच्या पस्तिसाव्या हिश्शाचा, आमच्या कपाटावर असे. शाळकरी वयात तो माझ्या हातून पडला. तोफेची नळी तुटली. मी मांजराचे नाव सांगितले. वडिलांनी मुकाट्याने तुकडे गोळा करून माळ्यावर ठेवले.

ते गेल्यावर मी ते तुकडे खाली काढले. कोमट साबणपाण्यात, जुन्या टूथब्रशने हलकेच धुतले. साखळीपट्ट्यांचे मऊ प्लास्टिक इतकी वर्षे चाकांना चिकटून होते, त्याने चाकांचे कडक प्लास्टिक खाल्ले होते. ते खड्डे पुट्टीने भरले, बारीक पॉलिश पेपरने घासले. नळीत तारेचा तुकडा घालून सांधा जुळवला.

रंग देताना वडिलांनी सांगितलेली हकिकत आठवली. १६ डिसेंबर १९७१, बसंतरची लढाई. पुण्यात जन्मलेले, एकवीस वर्षांचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल सेंच्युरियनमध्येच होते. रणगाड्याला आग लागली, मागे येण्याचा हुकूम झाला. पण तोफ अजून चालते आहे म्हणून ते लढत राहिले आणि तिथेच धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले.

सगळा रणगाडा रंगवला, नळीचा सांधा मात्र तसाच ठेवला. परवा नातवाने विचारले, “आजोबा, हे कुणी मोडलं?”

म्हटले, “मी.”

इतकी वर्षे हेच सांगायचे राहिले होते.