‘बसा’ म्हणणारी माया
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वैद्यकशास्त्र मी शिकलेली नाही. परंतु सत्तरी ओलांडली आहे आणि विषय माझ्याच वयाचा आहे.

आपल्या घरांतून म्हातारे माणूस उठू लागले की चहूकडून एकच शब्द येतो, ‘बसा!’ पाणी हातात येते, चहा हातात येतो, निवडायची भाजीही पुढ्यात येते. यात माया आहे, मानही आहे. पण हीच माया दिवसभर चालली तर ती आमच्या पायांतले बळ काढून घेते.

लंडनच्या बसवरील नोकरांची डॉ. जेरी मॉरिस यांनी केलेली पाहणी १९५३ साली प्रसिद्ध झाली. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दुमजली बसचे जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांत हृदयविकार कमी आढळला. इतरही कारणे असतील. परंतु बैठ्या जीवनाकडे डॉक्टरांचे लक्ष वेधले गेले ते अशा पाहण्यांमुळेच.

असे का व्हावे? चालताना पोटरीचे स्नायू पायांतले रक्त वर हृदयाकडे ढकलतात. तासन्‌तास बसले की हे काम मंदावते. पाय जड होतात, सुजतात. जेवणानंतर रक्तातली बरीचशी साखर स्नायू वापरतात. ते स्वस्थ राहिले तर ती रक्तात अधिक वेळ राहते. शिवाय न वापरलेल्या मांड्या उतारवयात लवकर रोडावतात. मग उठताना आधार लागतो, तोल जातो, आणि एका पडण्याने माणूस अंथरुणाला खिळते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले, की पासष्टीपुढील माणसांनी बसणे कमी करून, हलकी का होईना, हालचाल करावी. आठवड्यातून किमान १५० मिनिटे बेताचे श्रम आणि तीन दिवस तोल व ताकद यांचा व्यायाम करावा. न झेपल्यास झेपेल तेवढे करावे. तेव्हा सकाळी फिरून आले की दिवसभर बसायला मोकळीक, असे समजू नये.

माझा नेम साधा आहे. अर्ध्या तासाने उठायचे. मालिकेत जाहिरात लागली की तुळशीला पाणी घालायचे, घड्या उभ्यानेच करायच्या. गुडघे दुखत असतील त्यांनी आधार धरावा. उठताना चक्कर येत असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

लेकी-सुनांना एवढीच विनंती, की जड बादली आमच्या हातून खुशाल घ्या. पण पाण्याचा तांब्या आमचा आम्हांला आणू द्या. आम्हांला वेळ लागेल, तो द्या.

आणि आता, अध्यक्षीणबाईंची परवानगी असेल तर, पुढील कार्यक्रमापूर्वी आपण सर्वजणी दोन मिनिटे उभ्या राहू या.