चीवराचा मान आणि कायद्याचे भान

(वर्षावास व्याख्यानमालेतील भाषण)



मी वकील नाही. कला शाखेची पदवी घेतलेला, बँकेत लिपिकाचे काम करणारा मी एक साधा उपासक आहे. आपल्या संस्थेने येत्या सुट्टीत मुलांचे श्रामणेर शिबिर भरवायचे ठरविले आहे. माझा मुलगाही त्यात बसणार आहे. म्हणूनच आज एक कडू विषय मांडतो. धर्माचे वस्त्र घातलेल्या माणसाने लेकरावर किंवा स्त्रीवर अत्याचार केला, तर दोष त्या एकट्याचा की त्याला आसन देणाऱ्या संस्थेचाही?

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. 1860 साली मुंबईत करसनदास मुळजी या गुजराती सुधारकाने आपल्या 'सत्यप्रकाश' पत्रात वल्लभ संप्रदायातील महाराजांच्या अनाचारावर लेख लिहिला. जदुनाथजी महाराजांनी त्यांच्यावर 50,000 रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. महाराजांविरुद्ध कोणी साक्ष देऊ नये म्हणून भाटिया जातीच्या पुढाऱ्यांनी सभा भरवून बंदी घातली. त्या कटाबद्दल त्यांच्यावर वेगळा खटला होऊन त्यांना दंड झाला. आपले डॉ. भाऊ दाजी लाड यांनी मात्र कोर्टात उभे राहून महाराजांच्या आजाराविषयी स्वतःला ठाऊक असलेले वैद्यकीय सत्य सांगितले. 22 एप्रिल 1862 रोजी मुख्य मुद्द्यावर निकाल करसनदासांच्या बाजूने लागला आणि खर्चापोटी त्यांना 11,500 रुपये मिळाले. गुन्हा करणारा एक असतो. पण साक्षीदाराचे तोंड दाबायला सारी जमात पुढे येते, हा त्या खटल्याचा धडा आहे.

दीडशे वर्षांनी काय बदलले? 2015 साली मुंबईत एका धर्मगुरूने तेरा वर्षांच्या मुलावर चर्चमध्ये अत्याचार केला. घरची मंडळी आधी विश्वासाने मोठ्या धर्माधिकाऱ्यांकडे गेली. पोलिसांकडे मात्र त्या गरीब कुटुंबालाच जावे लागले. डिसेंबर 2021 मध्ये विशेष न्यायालयाने त्या धर्मगुरूला जन्मठेप दिली. निकालाला सहा वर्षे लागली. तेवढ्या काळात ते लेकरू शाळकरी वय ओलांडून गेले.

कोणी म्हणेल, हे इतर धर्मांत घडते. बंधूंनो, 2018 साली बोधगयेत मुलांच्या शाळेतील एका भिक्खूला अशाच आरोपाखाली अटक झाली. तेव्हा दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखविण्याचा अधिकार आपल्याला उरलेला नाही.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा 2012 चा कायदा, ज्याला आपण पोक्सो म्हणतो, त्याचे कलम 5 धार्मिक संस्थेचा स्पष्ट उल्लेख करते. अशा संस्थेच्या व्यवस्थापनातील किंवा सेवेतील माणसाने तेथील बालकावर बलात्कार केला तर तो अधिक गंभीर गुन्हा ठरतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान 20 वर्षे शिक्षा आहे. कलम 19 प्रमाणे, असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळले त्याने पोलिसांना कळविलेच पाहिजे. सद्‍भावनेने कळविणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. आणि कलम 21 खास आपल्या कार्यकारिणीने पाठ करावे असे आहे. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा कळविला नाही, तर त्याला स्वतःला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. म्हणजे "आपसात मिटवू" असे म्हणणारा अध्यक्षही गुन्हेगार ठरतो.

शिवाय 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने, अंगी दैवी शक्ती असल्याचे भासवून लैंगिक संबंध ठेवणे हा गुन्हा ठरविला आहे. त्याच वर्षी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतरच हा कायदा झाला, हे विसरू नये. विश्वस्तांनी कर्तव्यात कसूर केली तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली त्यांना दूर करण्याची तरतूदही आहे. संविधानाने अनुच्छेद 25 मध्ये दिलेले धर्मस्वातंत्र्यही सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन आहे.

आणि आपला विनय? चार पाराजिकांपैकी पहिलीच मैथुनाची आहे. तो दोष घडला की भिक्खू, भिक्खू राहत नाही. दुसऱ्या भिक्खूचा गंभीर दोष जाणूनबुजून झाकणे हाही पाचित्तिय दोष आहे. 'अनियत' नियमांत तर विश्वासू उपासिकेने जे पाहिले ते सांगितल्यावर संघाने त्याची चौकशी करावयाची आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात दाखवून दिले आहे की कोणाही गृहस्थाला भिक्खूविरुद्ध तक्रार करण्याचा अधिकार होता आणि अशा तक्रारींतूनच विनयाचे नियम घडत गेले. म्हणून तक्रार करणारी माऊली धम्मद्रोही नसते. ती विनयाचेच काम करते.

आता थोडे स्वतःचे. शाळेत असताना मी एका वसतिगृहात राहत होतो. आमच्या खोलीतला एक मुलगा रात्री धर्मशिक्षकांच्या खोलीत बोलावला जाई. परत आला की भिंतीकडे तोंड करून झोपे. एके दिवशी तो ट्रंक घेऊन गावी गेला, तो आलाच नाही. आम्ही सर्वांनी काय ते ओळखले होते. कोणी बोललो नाही. मोठ्यांपैकी एकानेही त्याच्या घरी पत्र टाकले नाही. आज मी बँकेत दहा रुपयांचा फरक निघाला तर घरी न जाता तो शोधतो. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात. त्याने रोखपालाचा अपमान होत नाही. मग लेकरांच्या बाबतीत एकट्याच्या हाती किल्ली का?

म्हणून कार्यकारिणीस नम्र विनंती आहे. शिबिरात कोणीही मोठा माणूस, मग तो भन्ते असो वा शिक्षक, मुलाबरोबर बंद खोलीत एकटा राहणार नाही. मुलांची झोपण्याची जागा वेगळी असेल व तेथे दोन पालक मुक्कामी राहतील. भिंतीवर 1098 हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहिला जाईल. तक्रार आली तर संस्था चौकशी करीत बसणार नाही. त्याच दिवशी पोलीस ठाण्यात जाईल, आणि मुलाचे नाव कोणाच्याही तोंडी येणार नाही. हे ठराव म्हणून इतिवृत्तात नोंदवावे, अध्यक्षांनी व सचिवांनी त्याखाली सही करावी.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हाला एवढेच सांगतो. वंदन चीवराला करा, पण ज्याचा त्रास होतो ते सांगायला भिऊ नका. तुमचे ऐकले गेले नाही तर माझ्याकडे या. मी एकदा गप्प बसलो आहे. पुन्हा बसणार नाही.

नमो बुद्धाय! जय भीम!