घरची वही
(नेकनूर येथील प्रौढ वर्गात केलेले भाषण)



आपण आता वाचू लागलात. सही करता येते. एस. टी.ची पाटी वाचता येते. रेशनच्या पावतीवरचा आकडा कळतो. ही मोठीच गोष्ट झाली. पण विळा वापरला नाही तर गंजतो, आणि अक्षरांचेही तसेच आहे. त्यांना रोज काम द्यावे लागते. ते काम कोठे मिळेल, हे आज आम्ही सांगणार आहोत. ते आपल्या घराच्या परसातच आहे.

परसात काय असते? एखाददुसरी शेळी असते. चार कोंबड्या असतात. दारात कुत्रा, चुलीपाशी मांजर, आणि मोरीच्या पाण्यावर चढलेला दोडक्याचा वेल. आपण म्हणाल, "गुरुजी, शेळीचं काय लिव्हायचं?" कापूस, सोयाबीन, तूर यांचा हिशेब घरधनी बोटांवर सांगतो. शेळी-कोंबडीचा हिशेब कोणी ठेवत नाही. ते बायामाणसांचे काम, म्हणून ते किरकोळ! पण घरात अडचण आली की पहिली नजर कोणावर जाते? पोराची फी भरायची असो की दवाखान्याचा खर्च असो, शेळीच बाजारात उभी राहते. म्हणजे जिला आपण किरकोळ म्हणतो, तीच आपली पेढी आहे. मग पेढीला खातेवही नको का?

आमच्या घरी अशी एक वही आहे. शंभर पानांची, शाळेत वापरतात तसली. आमच्या सौभाग्यवती सांगतात आणि नात लिहिते. आम्ही शुद्धलेखन तपासायला गेलो की सौभाग्यवती म्हणतात, "जोडाक्षरं मागाहून बघा. शेळीची लस कधी आहे ते आधी सांगा." त्यांचे म्हणणे बरोबरच आहे.

या वहीत काय लिहावे, ते आता क्रमाने पाहू.

पहिले पान शेळीचे. आपल्या भागातली काळी शेळी ती बहुधा उस्मानाबादी जातीची. धाराशिव जिल्ह्याचे पूर्वीचे नाव उस्मानाबाद, त्यावरून हे नाव पडले. ही जात काटक आहे. बाभळीच्या शेंगा, लिंबाचा पाला, शेवरी, जे मिळेल त्यावर ती निभावते. शेळी फळली की त्या दिवसाची तारीख लिहावी. शेळी साधारण १५० दिवसांनी, म्हणजे पाच महिन्यांनी विते. १० जुलैला फळली असेल तर ७ डिसेंबरच्या आसपास वेणार. आषाढ ते मार्गशीर्ष, असे मोजा. त्या वेळी रानात चारा असतो, आईला दूध भरपूर येते आणि करडे धरतात. तीच शेळी कार्तिकात फळली तर चैत्रात विते. तेव्हा रान वाळलेले आणि पाणी आटलेले असते. तारीख लिहिलेली असली म्हणजे शेळी रात्री-अपरात्री विताना घर झोपेत सापडत नाही. करडू जन्मले की पहिल्या तासाभरात त्याला आईचा चीक पाजावा. चीक खराब समजून पिळून टाकू नये. रोगांशी झगडण्याची शक्ती करडाला त्या चिकातूनच मिळते.

दुसरे पान कोंबडीचे. खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवतात. पिल्ले २१ दिवसांनी निघतात. पहिल्या तारखेला कोंबडी बसवली तर बावीस तारखेच्या सुमारास टोपलीत किलबिल सुरू होते. घार, मुंगूस, बोका हे कोंबडीचे शत्रू आपल्याला ठाऊक आहेतच. पण त्यांच्याहून मोठा शत्रू मानमोडी. यालाच राणीखेत रोग म्हणतात. कोंबडी मान वाकडी करते, हिरवट पातळ विष्ठा टाकते, आणि दोनचार दिवसांत सगळे खुराडे रिकामे होते. या रोगावर औषध नाही. लस मात्र आहे. ती जनावरांच्या दवाखान्यात विचारावी, बर्फातून थंड आणावी आणि सांगितलेल्या दिवशीच द्यावी. लस कधी दिली आणि पुन्हा कधी द्यायची, या दोन्ही तारखा वहीत हव्यात. शेळीलाही आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी देतात. तीही त्याच पानावर लिहावी.

तिसरे पान कुत्र्याचे. हे सगळ्यांत महत्त्वाचे, म्हणून नीट ऐका. आमचा मोती शहाणा आहे. चोराला भुंकतो आणि पाव्हण्यालाही भुंकतो. पण शहाण्या कुत्र्यालासुद्धा पिसाळलेले कुत्रे चावू शकते. म्हणून पिल्लू तीन महिन्यांचे झाले की त्याला रेबीजची लस द्यावी आणि पुढे दरसाल द्यावी. माणसाला कुत्रे चावले तर काय करावे? जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटे धुवावी. घड्याळ लावून धुवावी. चटणी, चुना, हळद भरू नये. मंत्र घालण्यात वेळ दवडू नये. तेथून तडक सरकारी दवाखान्यात जावे आणि डॉक्टर सांगतील तितक्या सगळ्या सुया, सांगतील त्याच तारखांना घ्याव्या. दोन सुया घेतल्या, जखम भरली, म्हणून तिसरी चुकवू नये. १८८५ साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर या शास्त्रज्ञाने नऊ वर्षांच्या एका मुलाला ही लस प्रथम दिली आणि तो मुलगा वाचला. हा रोग एकदा अंगात उमटला की माणूस सहसा वाचत नाही. आधी लस घेतली तर वाचतो. म्हणून या पानावर प्रत्येक सुईची तारीख लिहून त्यावर खूण करावी.

चौथे पान परसबागेचे. आपल्या जिल्ह्यात पाऊस बेताचा. एक साधा हिशेब ध्यानात ठेवा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. घरावर २० चौरस मीटर पत्रा असेल आणि २५ मिलिमीटर पाऊस झाला, तर ५०० लिटर पाणी पत्र्यावरून वाहून जाते. २०० लिटरच्या टिपाने मोजले तर अडीच टिपे! पन्हळ लावली की ते दारात साठते. न्हाणीचे, भांड्यांचे साबणाचे पाणी केळ आणि कर्दळ यांच्या मुळाशी सोडावे. मेथी-पालकाला चांगले पाणी द्यावे. शेवग्याची एक फांदी पावसाच्या तोंडाला लावून द्या. शेंगाही मिळतात आणि पाल्याची भाजीही होते. लेकुरवाळ्या बाईला आणि वाढत्या पोरांना ती फार चांगली. लेंड्या, शेण, पालापाचोळा खड्ड्यात टाकावा. काही महिन्यांत खत तयार होते. वाफ्याला बोराटीचे कुंपण मात्र घट्ट करा. नाहीतर मेथी आपण पेरायची आणि कोंबड्यांनी खायची, असे होईल.

पाचवे पान पैशाचे. येथे लोक एक चूक हमखास करतात. विकलेले तेवढेच लिहितात. समजा, महिन्यात ४० अंडी झाली. १५ विकली आणि २५ पोरांनी खाल्ली. पोरांनी खाल्लेली २५ अंडी फुकट गेली काय? ती बाजारातून आणली असती तर पैसे पडले असते. अंडे १० रुपयांना धरले, तर महिन्याची मिळकत १५० नव्हे, ४०० रुपये झाली. वर्षाची ४,८०० झाली. हे आकडे डोळ्यांपुढे आले की घरातल्या बाईचे काम किती, हे घरधन्याला कळते. तिलाही कळते.

आपल्या वर्गातल्या एका भगिनीची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, त्या लाजतील. त्या बोकड विकायला बाजारात गेल्या. व्यापाऱ्याने बोकडाच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाला, "सात हजार उक्ते." पूर्वी त्यांनी मान डोलावली असती. या वेळी म्हणाल्या, "दादा, आधी वजन करू." वजन भरले २४ किलो. त्या दिवशी किलोला ३५० चा भाव चालला होता. त्यांनी तेथेच कागदावर गुणाकार मांडला. उत्तर आले ८,४००. व्यापारी हसला, पण त्याने पैसे मोजून दिले. एका गुणाकाराने १,४०० रुपये वाचले. एवढ्यात पोराची वह्या-पुस्तके आली.

आता जरा जड गोष्ट बोलू. १९७२ साली आम्ही शाळेत होतो. पाऊस गेला. आमचे वडीलधारे खडी फोडायला गेले. कामावर सुकडी मिळे आणि रेशनवर तांबडी मिलो मिळे. गावातल्या दावणी ओस पडल्या. पुढे २०१२-१३ आणि २०१५-१६ ही सालेही आपण सगळ्यांनी पाहिली. अशा साली सगळे गाव एकाच वेळी जनावरे विकायला काढते, आणि भाव मातीमोल होतो. पण ज्याच्या घरी वही आहे त्याला दिवाळीतच कळते. एका मोठ्या शेळीला हिरव्या पाल्याशिवाय दिवसाला साधारण एक किलो वाळला चारा लागतो. उन्हाळ्याचे १२० दिवस धरले तर दोन शेळ्यांना २४० किलो झाला. घरात तेवढा चारा आहे का? नसेल तर एक शेळी पौषातच, भाव असताना, विकावी आणि दुसरी नीट जगवावी. चैत्रात दोन्ही मातीमोल देण्यापेक्षा हे बरे.

दसरा-दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला गाड्या भरून माणसे जातात. घरी म्हातारी माणसे आणि पोरे राहतात. जाताना ही वही आजीच्या हाती द्या. शेळी कधी वेणार, लस कधी, चारा किती, सगळे तिच्यात असेल. आजीला वाचता येत नसेल तर नात वाचील. आणि मुकादमाकडून घेतलेली उचलही त्याच वहीत, तारखेसह लिहा. तोंडी हिशेब एका तोंडाचा असतो. लिहिलेला हिशेब दोघांना वाचता येतो.

शेवटचे पान आनंदाचे ठेवा. वर्षातून एकदोनदा घरच्यांनी मिळून कोठेतरी जावे. लांब जायला नको. मांजरसुंब्याजवळ कपिलधार आहे. तेथे पावसाळ्यात धबधबा पडतो, आणि 'परमरहस्य' लिहिणाऱ्या मन्मथस्वामींची समाधी आहे. कार्तिकात तेथे यात्रा भरते. पाटोदा तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य आहे. ते १९९४ साली झाले. मोर तर १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे. पोरांना तो पिंजऱ्यात दाखवण्यापेक्षा रानात दाखवा. वाटेत बालाघाटच्या डोंगरात सीताफळाची झाडे दाखवा. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे या फळाची ओळख आपल्या मातीशी आहे, हे सरकारने मान्य केले. पाट्या पोरांकडून वाचून घ्या, थोड्या आपणही वाचा. कोठे गेलो, काय पाहिले, तिकिटाला किती लागले, ते घरी येऊन लिहा. मोरांची संख्या लिहायला विसरू नका. आमचा नातू दर वेळी दोन मोर वाढवून सांगतो.

मोबाईलमध्येही लिहिता येते, हे आम्हास ठाऊक आहे. तो जरूर वापरा. पण तो एकाच्या खिशात असतो, आणि वही घरात सगळ्यांच्या हाताशी असते.

तर आज घरी गेल्यावर एवढे करा. एक वही घ्या. वर आपल्या गावाचे आणि घरातल्या बाईचे नाव लिहा. खाली पाच ओळी लिहा. शेळ्या किती, कोंबड्या किती, कुत्र्याला लस दिली की नाही, आज अंडी किती झाली, चारा किती उरला. अक्षर वाकडे आले तरी चालेल. पुढच्या सोमवारी वर्गाला येताना वही घेऊन या. आपण सगळे मिळून ती वाचू.