उघडी आज्ञावली

दुर्बिणीचे भिंग केवढे, तराजू किती सूक्ष्म, हे शास्त्रज्ञ आपल्या निबंधात नमूद करतो. म्हणूनच इतरांना त्याचा प्रयोग पडताळून पाहता येतो. संगणकाची आज्ञावली हेही एक उपकरणच होय. परंतु तिच्या वाट्याला हा उघडेपणा पुष्कळ उशिरा आला.

२००१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एका अमेरिकन प्रयोगशाळेने जीवाणूच्या पेशीपटलातील ‘एमएसबीए’ या प्रथिनाची रचना प्रसिद्ध केली. क्ष-किरणांच्या साहाय्याने ती ठरविलेली होती. इतरांच्या प्रयोगांचे काही निष्कर्ष तिच्याशी जुळेनात. २००६ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी त्याच कुळातील दुसऱ्या प्रथिनाची रचना मांडली, तेव्हा विसंगती लपेना. शोध घेता आढळले की, प्रयोगशाळेतल्या वापराच्या एका छोट्या आज्ञावलीने आकड्यांच्या दोन स्तंभांची अदलाबदल केली होती. त्यामुळे रेणूची घडण डाव्याची उजवी झाली. पाच निबंध मागे घ्यावे लागले. चूक कोणाच्याही हातून होते. पण ही चूक पाच वर्षे टिकली, कारण ती जेथे दडली होती तेथे बाहेरच्या कोणाची नजर पोहोचत नव्हती.

याउलट उदाहरण २०१९ चे. त्या वर्षी १० एप्रिल रोजी ‘एम ८७’ या दीर्घिकेतील कृष्णविवराची प्रतिमा जाहीर झाली. निरीक्षणांची माहिती आणि प्रतिमा घडविणाऱ्या तीन वेगवेगळ्या आज्ञावलींच्या कार्यपद्धती संशोधकांनी सर्वांसाठी खुल्या केल्या. पुढे त्या समूहाबाहेरील अभ्यासकांनी ती प्रतिमा पुन्हा तयार करून पाहिली. काहींनी त्याच माहितीवरून निराळा निष्कर्षही मांडला. हा वाद उघड्यावर होऊ शकला, हेच विज्ञानाचे बळ.

मात्र केवळ दार उघडून भागत नाही. ज्या आज्ञावलीसोबत वापराचा परवाना नाही, ती दिसली तरी कायद्याने वापरता येत नाही. सूचना नसतील तर परका वाचक पहिल्याच पायरीवर अडतो. आवृत्तीचा क्रमांक नोंदलेला नसेल, तर निष्कर्ष नेमका कशाने काढला हे लिहिणाऱ्यालाही पुढे सांगता येत नाही. ही सारी कामे वेळखाऊ आहेत; म्हणून ती करणाऱ्याचे नाव निबंधकाराइतक्याच आदराने घेतले गेले पाहिजे.

आपली आज्ञावली ओबडधोबड आहे, या संकोचाने अनेक संशोधक ती झाकून ठेवतात. परंतु ओबडधोबड असली तरी उघडी आज्ञावली सुधारता येते. झाकलेल्या आज्ञावलीवर केवळ विश्वास ठेवावा लागतो. आणि विज्ञानाचा प्रारंभच मुळी पडताळ्याच्या आग्रहातून झाला आहे.