माप दुकानदाराचं तपासा, ग्राहकाचा हात धरू नका

(युवा अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्या पैशांनी मी काय विकत घ्यावं, यात सरकारने पडावं का? हा प्रश्न आपल्या वयाच्या मुलामुलींना विचारला की दोन उत्तरं येतात. पहिलं उत्तर : मुळीच पडू नये. आज हलालच्या शिक्क्यावर बंदी येते, उद्या अमुक दिवशी मांसाची दुकानं बंद ठेवा असा आदेश निघतो. सरकारच्या हातात आणखी अधिकार कशाला द्यायचे? दुसरं उत्तर : सरकारने सरळ बंदी घालावी. गुटख्यावर, पैसे लावून खेळायच्या गेमवर, कर्ज देणाऱ्या ॲपवर. आमच्या मोहल्ल्यातली पोरं त्यात बुडत चालली आहेत. आणि गंमत म्हणजे ही दोन्ही उत्तरं पुष्कळदा एकच माणूस देतो.

तो माणूस खोटं बोलत नसतो. दोन्ही अनुभव खरे आहेत. अडचण इतकीच की आपण सगळ्या नियमांना ‘सरकारी बंधन’ या एकाच पिशवीत टाकतो आणि मग एकतर सगळी पिशवी फेकतो किंवा सगळी डोक्यावर घेतो. मला आज त्या नियमांमधला फरक ओळखायची एक कसोटी मांडायची आहे. नियमाने विकणाऱ्याची लबाडी रोखावी. विकत घेणाऱ्याची विवेकबुद्धी ताब्यात घेऊ नये.

‘माझी मर्जी’ किती माझी?

मी सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करतो, म्हणून सुरुवात मोबाइलच्या पडद्यापासून करतो. ऑनलाइन खरेदीच्या पडद्यावरची कोणतीही गोष्ट सहज पडलेली नसते. बटण कोणत्या रंगाचं, ‘नको’ हा शब्द किती बारीक, कोणत्या चौकटीत आधीच बरोबरची खूण, हे सगळं ठरवून केलेलं असतं. निम्म्या लोकांना एक पडदा दाखवतात, निम्म्यांना दुसरा. ज्यावर जास्त लोक पैसे भरतात तो कायम होतो. म्हणजे तुम्ही निवड करता त्याच्या आधी कुणीतरी तुमच्या निवडीचा अभ्यास करून ठेवलेला असतो.

‘फक्त २ शिल्लक’ असं खोटंच लिहायचं. तिकिटाबरोबर विमा किंवा देणगी न विचारता जोडायची. किंमत ४९९ दाखवायची आणि शेवटच्या पायरीवर वेगवेगळे आकार लावायचे. वर्गणी सुरू करायला एक टिचकी, बंद करायला मात्र दहा पायऱ्या. ‘नको’ म्हणायचं असेल तर ‘मला पैसे वाचवायचे नाहीत’ अशा वाक्यावर बोट ठेवायला लावायचं. अशा क्लृप्त्यांना ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आणि असे १३ प्रकार नावानिशी नोंदवून त्यांना मनाई केली.

आता सांगा, या नियमाने तुमची कोणती निवड हिरावली? विमा हवा असेल तर आजही घेता येतो. फक्त तो तुमच्या नकळत पिशवीत टाकता येत नाही. हा नियम विक्रेत्याचा हात धरतो आणि ग्राहकाचा हात सोडवतो. असे नियम स्वातंत्र्याच्या विरोधात आहेत असं म्हणणाऱ्याने आधी सांगावं, कुणाच्या स्वातंत्र्याच्या?

कर्ज देणाऱ्या ॲपचंही तसंच. फोनमधले सगळे नंबर उचलायचे आणि हप्ता चुकला की मामा, चाचा, ऑफिसचे साहेब, सगळ्यांना फोन लावून माणसाची अब्रू काढायची, हा धंदा आपल्या वस्त्यांनी पाहिला आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जांसाठी नियम केले. कर्जाचा एकूण वार्षिक खर्च आधी स्पष्ट सांगायचा, फोनमधल्या संपर्क यादीला हात लावायचा नाही, आणि घेतलेलं कर्ज ठरावीक मुदतीत दंडाशिवाय परत करण्याची मुभा द्यायची. कर्ज घेऊ नका असं बँकेने सांगितलेलं नाही. उजेडात घ्या, इतकंच सांगितलं आहे.

डोळ्यांना न दिसणारा धोका

काही नियम मात्र खरोखरच निवड कमी करतात. १ जून २०२१ पासून दुचाकीसाठी आयएसआय शिक्क्याशिवाय हेल्मेट विकता येत नाही. रस्त्याच्या कडेला स्वस्तात मिळणारं हेल्मेट ही एक निवड होती, ती कायद्याने संपवली. प्रेशर कुकरलाही शिक्का सक्तीचा आहे.

यावर आक्षेप असा : गरिबाला स्वस्त वस्तू घेऊ द्या, त्याला कळतं. गरिबाला कळतं हे मलाही मान्य आहे. पण हेल्मेट आपटल्यावर कवटी वाचेल की नाही, हे दुकानात उभं राहून इंजिनिअरलाही कळत नाही. ते प्रयोगशाळेतच कळतं. जी गोष्ट ग्राहक स्वतः तपासूच शकत नाही, तिथे ‘त्याने निवडलं’ हा शब्द पोकळ आहे. म्हणून इथे किमान दर्जाची रेघ ओढणं मला रास्त वाटतं. मात्र दोन अटींवर. रेघ पुराव्यावर ओढलेली असावी आणि तिच्यावरच्या जागेत निवड मोकळी असावी. रंग, आकार, कंपनी, किंमत यात सरकारने नाक खुपसू नये. शिक्का मिळवण्याचा खर्च छोट्या कारागिराला बाजारातून उठवणारा नसावा, हेही पाहिलं पाहिजे; कारण तो कारागीर बरेचदा आपल्याच गल्लीतला असतो.

मदिनेचा बाजार

आपल्या घरांत हा विचार नवा नाही. पैगंबरांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतलं धान्य ओलं लागलं, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. विक्रेत्याने पावसाचं कारण दिलं. त्यांचा सवाल साधा होता : मग ओलं धान्य लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाहीस? ओलं धान्य विकूच नकोस असं ते म्हणाले नाहीत. लपवून विकणाऱ्याला मात्र त्यांनी आपल्यातला मानलं नाही. कुरआनचा ८३ वा अध्याय माप मारणाऱ्यांच्या निषेधानेच सुरू होतो. मालात दोष निघाला तर सौदा मोडण्याचा अधिकार फिक्हने ग्राहकाला दिला.

त्याच बाजारातली दुसरी हदीस आपण कमी ऐकतो. भाव चढले तेव्हा लोकांनी पैगंबरांना भाव बांधून द्यायची विनंती केली आणि त्यांनी नकार दिला. पुढे चौदाव्या शतकापर्यंत येता येता इब्न तैमिया यांनी मांडलं की व्यापारी साठेबाजी करून लोकांना नाडत असतील तर भाव बांधणं न्याय्य ठरतं. म्हणजे फसवणुकीवर कडक, सौद्याच्या मोकळेपणाबद्दल जपून आणि गरज सिद्ध झाली तरच हस्तक्षेप, असा तो तोल होता.

हे मी फतवा म्हणून सांगत नाही. भारताचा कायदा संविधानावर चालतो आणि तसाच चालला पाहिजे. पण ‘ग्राहक संरक्षण’ ही सरकारी साहेबांची कल्पना आहे, आपला तिच्याशी काय संबंध, असं म्हणणाऱ्या मित्रांसाठी ही आठवण.

बंदी हे शेवटचं हत्यार

आता बंदीकडे येऊ. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा केला. त्यातली एक गोष्ट लक्षात घ्या : शिक्षा खेळणाऱ्याला नाही, गेम चालवणाऱ्याला आणि त्याची जाहिरात करणाऱ्याला आहे. दिशा बरोबर आहे. हरलेल्या पोराला तुरुंगात टाकून त्याच्या आईचं काय भलं होणार?

पण बंदी घातली की काम संपलं असं समजू नका. महाराष्ट्रात गुटखा २०१२ पासून बंद आहे. तो मिळत नाही असं छातीवर हात ठेवून म्हणणारा या सभागृहात कुणी आहे का? चोरून विकल्या जाणाऱ्या मालावर घटक छापलेले नसतात, पावती नसते आणि त्याची तक्रार करायला कुणी ग्राहक आयोगात जात नाही. बंदीने ग्राहकाचं उरलंसुरलं संरक्षणही जातं. म्हणून माहिती देणं, दर्जा बांधणं, जाहिरात रोखणं, मुदत देणं हे सगळे उपाय अपुरे ठरतात हे दाखवल्यावरच बंदीची भाषा करावी. आपणही उठसूट ती मागू नये. ज्या दांडक्याने आज गुटखा झोडायचा, ते दांडकं उद्या कुणाच्या हातात असेल आणि कुणाच्या ताटावर पडेल, याचा विचार करा.

संरक्षणाच्या नावाखाली

ते ताटावर पडल्याची उदाहरणं आहेतच. १८ नोव्हेंबर २०२३ रोजी उत्तर प्रदेश सरकारने हलाल प्रमाणपत्र असलेल्या खाद्यपदार्थांचं उत्पादन, साठवण आणि विक्री बंद केली. कारण दिलं ग्राहकाच्या गोंधळाचं. निर्यातीला मात्र सूट दिली. त्याच वर्षी केंद्र सरकारने मांसाच्या निर्यातीसाठी हलाल प्रमाणपत्रं तपासण्याची अधिकृत व्यवस्था उभी केली होती. म्हणजे परदेशातल्या ग्राहकाला तपासलेलं प्रमाणपत्र आणि लखनौच्या ग्राहकाला बंदी!

सेंद्रिय अन्न म्हणून विकायचं तर त्याचे नियम आहेत. प्राणिजन्य काहीच न खाणाऱ्या ‘व्हीगन’ लोकांसाठी २०२२ मध्ये नियम झाले, अधिकृत चिन्हही ठरलं. पाकिटावरचा हिरवा ठिपका तर लहान मुलालाही कळतो. ही सगळी श्रद्धेची किंवा मूल्यांची निवड आहे आणि कायदा तिला खरी माहिती देऊन मदत करतो. हलाललाही तोच न्याय लावा : दावा खरा आहे का ते तपासा, खोटं प्रमाणपत्र विकणाऱ्याला पकडा.

ही तपासणी आपल्यालाच हवी आहे. बंगळुरूची आयएमए ही कंपनी २०१९ मध्ये बुडाली, तेव्हा ‘हलाल गुंतवणूक’ या शब्दावर विश्वास ठेवलेल्या हजारो कुटुंबांची पुंजी अडकली आणि त्यात बहुसंख्य मुसलमान होते. दाढी, टोपी आणि अरबी शब्द पाहून पैसे देणं आणि चमकदार बटण पाहून पैसे देणं, यात फरक नाही. आपल्या माणसाचंही माप तपासावं लागतं.

दुसरं उदाहरण जुलै २०२४ चं. कावड यात्रेच्या मार्गावरच्या ढाब्यांनी मालकाचं नाव लावावं असे आदेश निघाले. समर्थनात पारदर्शकतेचं कारण दिलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलैला त्यांना अंतरिम स्थगिती दिली : कोणतं अन्न मिळतं हे लिहायला सांगता येईल, मालकाचं आणि कामगारांचं नाव लावायची सक्ती करता येणार नाही. माझी कसोटी या एका आदेशात आली. वस्तूबद्दलची माहिती हा ग्राहकाचा हक्क आहे. विकणाऱ्याचा धर्म ही वस्तूबद्दलची माहिती नाही.

आणि १५ ऑगस्ट २०२५ ला कल्याण-डोंबिवलीसारख्या महापालिकांनी मांसविक्री बंद ठेवायला सांगितली, तिथे तर ग्राहकाचं कोणतं नुकसान टळणार होतं, हेच कुणाला सांगता आलं नाही. मांस खाणारे फक्त मुसलमान नाहीत, म्हणून हा फक्त आपला प्रश्नही नाही.

तीन प्रश्न

तर पुढचा कोणताही नियम आला की भडकण्याआधी किंवा टाळ्या वाजवण्याआधी तीन प्रश्न विचारा. एक : नुकसान कोणतं, आणि ते तपासता येतं का? दोन : नियम विक्रेत्याच्या वागण्यावर आहे की कुणाच्या ओळखीवर? तीन : बंदीपेक्षा सौम्य उपाय होता का? हे प्रश्न सरकारला विचारा आणि आपल्या मोहल्ल्यातही विचारा. अमुक कंपनीचं शीतपेय न पिणं हा तुमचा हक्क आहे. ते विकणाऱ्या दुकानदाराला दमदाटी करणं हा नाही.

आणि हक्क वापरा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सहा हक्क दिले आहेत. त्यात माहितीचा हक्क आहे, तसाच रास्त किमतीत निवडीला वाव मिळण्याचाही आहे. संरक्षण आणि निवड एकाच कलमात शेजारी बसली आहेत. राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, वकिलाची सक्ती नाही, मुदत दोन वर्षांची. तिथे अर्जदाराचं नाव काय यापेक्षा पावती आहे का, हे पाहिलं जातं. म्हणून पावती मागा, जपून ठेवा, आणि घरातल्या मोठ्यांनाही मागायला शिकवा.

जय हिंद, जय संविधान.