घरी न सांगितलेली भीती

27 जून 2023 रोजी पुण्याच्या सदाशिव पेठेत, भर सकाळी, एक तरुण कोयता उगारून ओळखीच्याच महाविद्यालयीन तरुणीमागे धावला. रस्ता निर्मनुष्य नव्हता, बघे होते. धावून आले ते स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी पुण्यात राहणारे तरुण. त्यांच्या धैर्याचे सर्वत्र कौतुक झाले आणि ते यथोचितच होते. परंतु याच पेठांतील खोल्यांतून, अभ्यासिकांतून दिवस काढणाऱ्या परगावच्या मुलींच्या मनात त्या दिवशी काय दाटून आले असेल, याची विचारपूस किती घरांनी केली?

कोणी मागावर असल्याचे मुलगी सहसा घरी कळवीत नाही. भीती गुंडाची असतेच. त्याहून मोठी असते ती ‘शिक्षण पुरे, घरी ये’ या वडिलांच्या वाक्याची. ते वाक्य काळजीपोटीच निघते, हेही खरे. पण गुन्हा पाठलाग करणाऱ्याचा आणि शिक्षा मुलीला! पाठलाग हा 2013 पासून स्वतंत्र गुन्हा आहे. 112 हा क्रमांकही आहे. मात्र वडील सोबत असतील, तर पोलीस चौकीची पायरी तिला उंच वाटत नाही. म्हणून दूरध्वनीवर अभ्यासाआधी तिच्या येण्याजाण्याच्या वाटेची चौकशी करावी, आणि उत्तर काहीही आले तरी परत बोलावण्याची भाषा करू नये.