नवख्याची वही



संस्थेच्या या महोत्सवप्रसंगी दानाविषयी बोलणे योग्यच. मी विद्यादानाच्या एका नव्या प्रकाराकडे आपले लक्ष वेधू इच्छितो.

१९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स जगापुढे ठेवले. असे मुक्त सॉफ्टवेअर कोणीही वापरावे, तपासावे, सुधारावे व वाटावे, अशी त्याच्या परवान्यातच मुभा असते. परंतु दार उघडे असूनही वाट सांगणारा नसेल, तर नवखा उंबरठ्यावरच थांबतो. आज्ञावली संगणकावर कशी बसवावी, तिचे भाग कोणते, केलेली दुरुस्ती मूळ कर्त्यांकडे कशी पाठवावी, हे पुस्तिकेत यावयास हवे. पुष्कळदा ते येत नाही. लिहिणारा जाणता असतो. जे त्याच्या अंगवळणी पडले, ते सांगावे असे त्याला वाटतच नाही.

मुंबईच्या आय.आय.टी.त सुरू झालेल्या, प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने यावर साधा उपाय योजिला. मुक्त सॉफ्टवेअरचे सुमारे १० मिनिटांचे पाठ तेथे तयार होतात. चित्रफीत करण्यापूर्वी पाठाची संहिता एखाद्या नवख्याच्या हाती देतात. तो वाचत वाचत प्रत्येक कृती स्वतः करून पाहतो. तो जेथे अडतो, तेथे संहिता दुरुस्त होते. पुढे हेच पाठ मराठी, तेलुगू आदी भाषांतून ऐकावयास मिळतात.

आपल्या भैंशात मराठी, तेलुगू व उर्दू एकाच गल्लीत नांदतात. येथील मूल इंग्रजी पुस्तिकेपुढे अडखळले की स्वतःलाच मंद समजते, आणि संगणकाचा नाद सोडते. त्याला सांगितले पाहिजे की, बाळ, तुझे अडखळणे मोलाचे आहे. वहीत तीन गोष्टी लिही: तू काय केलेस, काय घडावयास हवे होते आणि पडद्यावर प्रत्यक्ष काय उमटले. ही टिपणे गुरुजनांच्या साहाय्याने कर्त्यांकडे पाठविली, तर पुस्तिकेतील ओळ सुधारते. यासाठी आज्ञावली लिहिता येण्याची गरज नाही.

माझी विनंती इतकीच की, संस्थेने आठवड्यातून एक तास व एक संगणक या कामासाठी द्यावा. आज मदत घेणारा विद्यार्थी त्यायोगे स्वतः देणारा होईल. सुधारलेली एक ओळ कोठल्या कोठे, कोणाच्या उपयोगी पडेल, हे त्याला कधी कळणारही नाही. आमच्यात अशा अखंड चालणाऱ्या पुण्याला सदका-ए-जारिया म्हणतात.